स्विंगच्या पोथ्या

२० जानेवारी १६८७ रोजी एडिंबरामधल्या थॉमस किन्केड नावाच्या तरुणाने आपल्या रोजनिशीत गोल्फचा फटका कसा मारावा याच्या सूचना लिहून ठेवल्या. किन्केड वैद्यकीचा अभ्यास करत होता. त्याच्या रोजनिशीत वैद्यकीच्या जोडीला तलवारबाजी आहे, धनुर्विद्या आहे, आणि त्यांच्या मधोमध हा गोल्फ आहे. तो लिहितो की उभे राहायचे ते हातात तलवार असल्यासारखे. पाय, पाठ आणि हात यांचे स्नायू ताणलेले असावेत, कुठेही ढिलाई नको. चेंडू छातीच्या समोर, किंचित डाव्या पायाकडे असावा. कमरेतून थोडे पुढे झुकावे, भार उजव्या पायावर अधिक ठेवावा, आणि अंग वळवायचे ते पायांच्या आधारावर वळवावे. पुढच्याच महिन्यात त्याने या सूचना पद्यात बांधल्या. पाठ करायचे असेल तर पद्य बरे, हा विचार आपल्याकडच्या आर्या-ओव्या वाचणाऱ्याला परका वाटू नये. त्या पद्यात आधी हळू खेळावे, रीत अंगवळणी पडली की मग जोर लावावा, असाही सल्ला आहे.

गोल्फचा स्विंग शिकवणारा आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना मजकूर तो हाच. स्कॉटलंडमध्ये खेळ त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होता. १४५७ मध्ये तिथल्या संसदेने गोल्फ आणि फुटबॉलवर बंदी घातली होती, कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून त्यांच्या मागे लागले होते. म्हणजे बंदी घालावी इतका लोकप्रिय असलेला खेळ पुढची सव्वादोनशे वर्षे शिकवणीचा एकही कागद मागे न ठेवता पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिला. मुले मोठ्यांचे पाहत होती आणि तसे करत होती.

गोल्फ हा माझा खेळ नव्हे. स्वतःच्या बळावर वाचून शिकलेल्या माणसाला एक प्रश्न आयुष्यभर सोडत नाही, त्या प्रश्नामुळे मी या पुस्तकांकडे वळलो. शरीराची विद्या कागदावरून शिकता येते का? आपल्या तालमींत वस्तादाने हात धरून डाव शिकवला, गवयाने समोर बसवून गळा घडवला. दांडपट्ट्याची पोथी वाचून कोणी पटाईत झाल्याचे ऐकिवात नाही. उलट गोल्फइतकी शिकवणीची पुस्तके फार थोड्या खेळांनी जन्माला घातली असतील. ज्यांना वस्ताद भेटला नाही अशा लाखो लोकांनी ती विकत घेतली. त्यांच्या हाती नेमके काय पडले, हे पाहण्यासारखे आहे.

आधी हा फटका म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. चेंडू जमिनीवर स्थिर पडलेला असतो. त्याचे वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम, व्यास कमीत कमी ४२.६७ मिलिमीटर. खेळणारा त्याच्याकडे कूस करून उभा राहतो. दोन्ही हातांनी काठी, म्हणजे क्लब, धरतो. धड वळवत क्लब मागे आणि वर नेतो, हा बॅकस्विंग. मग तो खाली आणतो, चेंडूला लावतो आणि पलीकडे खांद्यावर जाऊ देतो. यातल्या ज्या गोष्टी चेंडू मारण्याआधीच ठरतात, म्हणजे पकड, उभे राहण्याची ठेवण, चेंडूची जागा आणि नेम, त्यांना बहुतेक शिक्षक पाया म्हणतात. खाली येण्याच्या प्रवासाला साधारण पाव सेकंद लागतो आणि क्लबचे पाते चेंडूला चिकटून असते ते सेकंदाचा सुमारे दोन हजारावा भाग. तेवढ्या वेळात माणसाला काहीही सुधारता येत नाही. जे करायचे ते आधीच करून ठेवावे लागते.

शेतात पाखरे हाकायला गोफण वापरणाऱ्याला यातले मर्म चटकन कळेल. गोफणीत हात आधी फिरतो, दोरी मागून येते, आणि हात मंदावला की सगळा वेग दोरीच्या टोकाला जातो. स्विंगमध्ये हातांची आणि खांद्यांची जोडी म्हणजे गोफणवाल्याचा हात, क्लब म्हणजे दोरी आणि मनगट म्हणजे बिजागरी. मनगट लवकर उघडले तर वेग चेंडूपर्यंत पोहोचण्याआधीच सांडतो. नवशिक्याचे नेमके तेच होते. चेंडू लांब जावा म्हणून तो हातांनी जोर करतो आणि त्या जोरानेच बिजागरी वेळेआधी उघडते.

आता किन्केडकडे परत येऊ. पकड, ठेवण, चेंडूची जागा, अंगाचे वळण. त्याने निवडलेले मथळे आजचा प्रशिक्षकही पहिल्या दिवशी हेच निवडतो. मथळ्यांखालचा मजकूर मात्र सारखा बदलत गेला. स्नायू ताणून आणि पाय काठीसारखे कडक ठेवून उभे राहा, असे आज कोणी सांगणार नाही. साडेतीनशे वर्षांत माणसाचे शरीर बदललेले नाही. बदलली ती हत्यारे.

किन्केडचा काळ पिसांच्या चेंडूचा. चामड्याच्या पिशवीत उकडलेली पिसे ठासून भरायची आणि ती शिवून टाकायची. एका चेंडूला टोपीभर पिसे लागत. कारागीर दिवसभरात मोजकेच चेंडू बनवी, त्यामुळे चेंडू महाग असे, भिजला की जड होई, आणि लोखंडी पात्याचा घाव चुकीचा बसला की फाटे. म्हणून क्लब बहुतेक लाकडी, लांब दांड्यांचे, लवचीक. त्यांनी चेंडूवर घाव घालायचा नसे, झाडून काढल्यासारखे पाते फिरवायचे असे. सेंट अँड्र्यूजचा म्हणून ओळखला जाणारा जुना स्विंग असाच होता. लांब, आडवा, अंगाभोवती फिरणारा, चेंडूला समुद्राच्या वाऱ्याखालून बुटका नेणारा.

१८४८ च्या सुमारास गटापर्चाचा चेंडू आला. गटापर्चा हा मलायातल्या झाडांचा चीक. गरम पाण्यात तो मऊ होतो आणि गार झाला की घट्ट. हा चेंडू कसा सुचला याची एक आख्यायिका गोल्फच्या इतिहासात वारंवार सांगितली जाते. पूर्वेकडून सेंट अँड्र्यूजला विष्णूची एक मूर्ती पाठवण्यात आली. वाटेत ती फुटू नये म्हणून तिच्याभोवती गटापर्चा भरला होता. पॅटरसन नावाच्या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्या भरणीतून चेंडू वळला. संशोधक या कथेकडे साशंकपणे पाहतात आणि तसेच पाहायला हवे. तरीही ख्रिस्ती धर्मोपदेशक होऊ पाहणाऱ्या मुलाने विष्णूच्या पेटीतून गोल्फचा नवा चेंडू काढला, ही कल्पना सोडवत नाही, म्हणून इथे नोंदवली.

या चेंडूने मैत्र्या तोडल्या. सेंट अँड्र्यूजचा अ‍ॅलन रॉबर्टसन हा त्या काळचा सर्वांत नावाजलेला खेळाडू आणि पिसांच्या चेंडूंचा कारागीर. नवा चेंडू म्हणजे त्याच्या पोटावर पाय. त्याचा सहकारी टॉम मॉरिस नव्या चेंडूने खेळला, दोघांचे बिनसले आणि १८५१ मध्ये मॉरिस प्रेस्टविकला निघून गेला. रॉबर्टसनने पुढे नवा चेंडू स्वीकारला इतकेच नाही, तर चेंडू फाटण्याची भीती संपल्यावर हिरवळीकडचे फटके लोखंडी क्लबने कसे खेळावेत हेही त्यानेच रूढ केले. १८५८ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या मैदानावर त्याने ७९ फटक्यांत फेरी पूर्ण केली. ८० च्या आत येण्याची ती पहिलीच वेळ मानली जाते. चेंडू स्वस्त झाला, खेळ पसरला आणि नव्या लोकांना शिकवण्याची गरज निर्माण झाली. गोल्फ शिकवणारे पहिले छापील पुस्तक १८५७ मध्ये निघाले ते याच वळणावर. लेखकाने टोपणनाव घेतले होते, पण तो एच. बी. फार्नी हे नंतर सर्वांना कळले. हे गृहस्थ पुढे लंडनला जाऊन संगीत नाटकांची संहिता लिहू लागले. पहिल्या पोथीचा कर्ता नाटकवाला निघावा, यात मला तरी काही विसंगत वाटत नाही.

पण पोथ्या आल्या म्हणून पायाचे नियम खरे ठरत नाहीत. याचे उत्तम उदाहरण एडिंबरा विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक पीटर गथ्री टेट यांचे. टेट गोल्फचे वेडे होते. त्यांचा मुलगा फ्रेडी १८९६ आणि १८९८ मध्ये ब्रिटिश हौशी अजिंक्यपदाचा मानकरी झाला आणि १९०० मध्ये बोअर युद्धात मारला गेला. उत्तम फटक्याचा चेंडू हवेत इतका वेळ टिकतो कसा, या प्रश्नाने टेटना पछाडले होते. त्यांनी चेंडूला लांब फीत बांधून तो मऊ मातीच्या गोळ्यात मारला आणि फितीला पडलेले पीळ मोजले. चेंडू मागच्या बाजूने फिरत जातो आणि ती फिरकीच त्याला हवेत उचलून धरते, हे त्यांनी १८९० च्या दशकात दाखवून दिले. मजा अशी की चेंडूला कसलीही फिरकी मिळणे हा दोष, ही त्या काळची शिकवण होती, आणि टेटही तिच्यावरच वाढले होते. चांगले खेळाडू तो तथाकथित दोष रोज करत होते, म्हणूनच ते चांगले होते. तोंडाने ते पाठातले वाक्यच म्हणत.

हात एक करतो आणि तोंड दुसरे सांगते, ही गोष्ट पुढे पुनःपुन्हा भेटते.

हॅरी व्हार्डन १८७० मध्ये जर्सी बेटावरच्या ग्रूव्हिल गावी जन्मला. वडील माळी. हॅरी सात-आठ वर्षांचा असताना इंग्रज मंडळींनी गावच्या सार्वजनिक माळरानावर गोल्फचे मैदान आखले. गावची पोरे कॅडी म्हणून त्यांच्या पिशव्या वाहू लागली आणि मग स्वतःच खेळू लागली. चेंडू म्हणजे गोट्या, क्लब म्हणजे झाडाची फांदी कापून आणि तासून केलेली काठी. आपल्याकडे विटीदांडूचा दांडू पोरे जशी करतात तशीच. त्याला कोणी धडा दिला नाही. हाच मुलगा १८९६ ते १९१४ या काळात ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकला. हा विक्रम आजही कोणी मोडलेला नाही. १९०० मध्ये त्याने अमेरिकन ओपनही जिंकली. त्याचा स्विंग सेंट अँड्र्यूजच्या आडव्या चालीपेक्षा उभा होता, चेंडू उंच जाई आणि पडल्यावर फार पळत नसे. उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताच्या तर्जनीवर चढवण्याची पकड आज जगभर त्याच्या नावाने ओळखली जाते. खरे तर जॉनी लेडले हा हौशी विजेता तशी पकड त्याच्या आधीपासून वापरत होता. नाव मात्र सहा वेळा जिंकणाऱ्याचे लागले, आणि असे होणारच. दोन हात एकाच हातासारखे चालावेत म्हणून ती पकड. आजही पहिल्या धड्यात पहिली तीच येते, आणि ज्यांचे पंजे लहान आहेत त्यांना करंगळी-तर्जनी एकमेकींत अडकवायला सांगतात.

१९०४ मध्ये जॉर्ज बेल्डम याने नामांकित गोल्फपटूंच्या स्विंगची छायाचित्रे पुस्तकरूपाने छापली. बेल्डम मिडलसेक्सकडून क्रिकेटही खेळत असे. क्रीज सोडून पुढे झेपावलेल्या व्हिक्टर ट्रम्परचे जगप्रसिद्ध छायाचित्र त्याचेच. क्रिकेटच्या पुस्तकांत आपण सर्वांनी ते पाहिले आहे. कॅमेऱ्याने स्विंग थांबवून दाखवला, तेव्हा पोथ्यांची पहिली गोची उघड झाली. पुढच्या काळात डावा हात सरळ राहिलाच पाहिजे हा मूलमंत्र झाला. व्हार्डनच्या छायाचित्रांत मात्र बॅकस्विंगच्या टोकाला डावा हात कोपरात स्पष्ट वाकलेला दिसतो. सहा वेळच्या विजेत्याला पहिल्या धड्यात नापास करणारा मूलमंत्र, असे म्हणायला हवे.

या गोष्टीवर सर्वांत सरळ उत्तर ज्याने शोधले तो माणूस मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जवळचा वाटतो. अर्नेस्ट जोन्स इंग्लंडमध्ये चिझलहर्स्ट क्लबचा व्यावसायिक खेळाडू होता. पहिल्या महायुद्धात तो सैन्यात भरती झाला आणि १९१६ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर जखमी होऊन त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. ज्या पायावर भार ठेवावा असे किन्केडपासून सांगितले जात होते तोच पाय गेला. त्याच वर्षी तो कुबड्या घेऊन नॉर्विचच्या मैदानावर गेला, फटक्याच्या वेळी एका पायावर उभा राहिला आणि ८३ फटक्यांत फेरी संपवली. रोज खेळणाऱ्या धडधाकट माणसालाही ८३ चा आकडा सहसा जमत नाही.

यातून जोन्सने जो निष्कर्ष काढला तो त्याने आयुष्यभर सोडला नाही. पाय, कंबर, खांदे, डोके यांच्या जागा पाठ करणे म्हणजे शरीराचे तुकडे करणे. शरीराला एकच काम द्यावे, क्लबचे टोक झोकात फिरवण्याचे. बाकीचे अवयव त्या कामाच्या मागे आपोआप येतात. हे समजावण्यासाठी तो रुमालाच्या टोकाला खिशातला चाकू बांधी. दुसरे टोक हातात धरून तो झुलवायचा. हाताने धक्का दिला की रुमाल सैल पडतो आणि चाकू भरकटतो. झोका दिला तर रुमाल ताठ राहतो. मग एका हातात रुमाल, दुसऱ्या हातात क्लब, दोन्ही एकाच लयीत. १९२० च्या दशकात तो अमेरिकेला गेला आणि न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर एका इमारतीत, बंद खोलीत, मैदानाचे तोंडही न पाहता लोकांना स्विंग शिकवत राहिला. १९३२, १९३३ आणि १९३४ अशी सलग तीन वर्षे अमेरिकेची महिला हौशी विजेती ठरलेली व्हर्जिनिया व्हॅन वाय त्याचीच शिष्या.

जोन्सच्या पद्धतीवरचा आक्षेपही सांगायला हवा. हे सोपे झाले, पण एवढ्याने सगळे भागत नाही. पकड चुकीची असेल तर झोका कितीही सुंदर असला तरी पाते चेंडूला तिरपे लागते. मला हा आक्षेप निम्मा पटतो. पकड हवी हे खरे. पण पकड शिकवायला पाच मिनिटे लागतात आणि पुढची पाच वर्षे माणूस जे विसरत राहतो तो झोकाच असतो.

त्याच आडनावाचा दुसरा, अटलांटाचा बॉबी जोन्स, पाहून शिकलेल्यांपैकी. ईस्ट लेक क्लबवर स्ट्युअर्ट मेडन हा स्कॉटलंडमधल्या कार्नुस्टीचा व्यावसायिक होता. लहानगा बॉबी त्याच्या मागे मागे हिंडायचा आणि घरी येऊन त्याची नक्कल करायचा. औपचारिक शिकवणी अशी नाहीच. १९३० मध्ये एकाच वर्षी ब्रिटन आणि अमेरिकेतली चारही मोठी अजिंक्यपदे जिंकून वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी तो स्पर्धांतून निवृत्त झाला आणि १९३१ मध्ये वॉर्नर ब्रदर्ससाठी त्याने स्विंग शिकवणारे बारा लघुपट केले. चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी ते दाखवले जात. नक्कल करून शिकलेल्याने आता लाखोंना नकलेसाठी आपला स्विंग दिला. पुस्तकापेक्षा हे प्रामाणिक होते, कारण पडद्यावर तोंड काहीही बोलो, हात दिसत होते.

पण जे दिसत होते ते लवकरच जुने होणार होते. जोन्सचे दांडे हिकरी लाकडाचे होते. हिकरी वाकते तशीच पिळवटते. पाते चेंडूपाशी सरळ यावे म्हणून मनगटांनी तो पीळ वेळेवर सोडवावा लागे आणि म्हणून जोरापेक्षा लय महत्त्वाची असे. अमेरिकेपाठोपाठ १९२९ मध्ये ब्रिटनमध्येही पोलादी दांडा अधिकृत झाला. पोलाद पिळवटत नाही. मनगटांचे नाजूक काम अनावश्यक झाले आणि पाय, कंबर, पाठ यांचा जोर वापरता येऊ लागला. हा बदल सर्वांत आधी अंगात मुरवला बायरन नेल्सनने. १९४५ मध्ये त्याने सलग अकरा स्पर्धा जिंकल्या, वर्षभरात अठरा. क्लब आणि चेंडू तपासण्याचे जे यंत्र पुढे तयार झाले त्याला त्याच्यावरून ‘आयर्न बायरन’ असे नाव मिळाले. पायाचे नियम पुन्हा एकदा नव्याने लिहावे लागणार होते, आणि ते लिहिले नेल्सनच्या बालमित्राने.

टेक्सासमधल्या फोर्ट वर्थच्या ग्लेन गार्डन क्लबवर दोन समवयस्क मुले कॅडी होती, नेल्सन आणि बेन होगन. १९२७ च्या नाताळात कॅडींची स्पर्धा झाली, दोघे बरोबरीत सुटले आणि निकालाच्या खेळात नेल्सन जिंकला. क्लबचे कनिष्ठ सदस्यत्व त्याला मिळाले. होगनला मिळाले नाही. होगन नऊ वर्षांचा असताना वडिलांनी आत्महत्या केली होती. गरिबीतला, अबोल, बुटका मुलगा. व्यावसायिक झाल्यावरही त्याला वर्षानुवर्षे एका दुखण्याने छळले. त्याचा चेंडू डावीकडे झपकन वळून जाई. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या बाबतीत याला हुक म्हणतात. होगनने सरावात दिवसच्या दिवस घालवले. डावा पंजा दांड्यावर थोडा डावीकडे सरकवून त्याने पकड सैलावली. जोराने मारले तरी पाते मिटणार नाही अशी चाल बसवली. १९४९ मध्ये त्याच्या मोटारीवर समोरून बस आदळली. पत्नीला वाचवण्यासाठी तो तिच्या अंगावर आडवा पडला. चालता येईल का याचीच शंका होती. सोळा महिन्यांनी, १९५० मध्ये, पाय बांधून त्याने अमेरिकन ओपन जिंकली. १९५३ मध्ये मास्टर्स, अमेरिकन ओपन आणि ब्रिटिश ओपन अशा तीन.

१९५७ मध्ये ‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’ साप्ताहिकात पाच भागांत होगनचे धडे आले. शब्दांकन हर्बर्ट वॉरन विंड या जाणत्या गोल्फलेखकाचे, चित्रे अँथनी राव्हिएलीची. त्याच वर्षी पुस्तक निघाले आणि ते आजतागायत छापले जाते. पहिला धडा पकडीचा, दुसरा उभे राहण्याचा, तिसरा-चौथा स्विंगच्या दोन भागांचा, पाचवा उजळणीचा. राव्हिएलीचा शरीररचनेच्या चित्रांत हातखंडा होता. त्याने काढलेले हात पाहिले की त्यांतल्या शिरा आणि स्नायू आपल्या हातांत जाणवतात. चेंडूपासून खांद्यापर्यंत तिरपी टेकवलेली मोठी काच आणि तिच्यातून फक्त डोके बाहेर काढलेला खेळाडू हे चित्र जगभरच्या शिकणाऱ्यांच्या डोक्यात बसले आहे. हात वर जाताना काच फुटता कामा नये, म्हणजे स्विंगची पातळी सांभाळली जाईल. साधारण शरीराचा कोणीही मन लावून हे शिकला तर ८० च्या आत येऊ शकतो, असे आश्वासन त्यात आहे.

स्वतः शिकू पाहणाऱ्यासाठी यापेक्षा सुबक पुस्तक मी पाहिलेले नाही. आणि तरीही अनेक शिक्षकांनी त्यावर घेतलेला आक्षेप मला निर्णायक वाटतो. होगनची पकड हा हुकवरचा उतारा होता. नवशिक्यांपैकी बहुतेकांना हुकचा त्रास नसतोच. त्यांचा चेंडू उलट उजवीकडे वळून जातो, त्याला स्लाइस म्हणतात. स्लाइसवाल्याने होगनची पकड घेतली की पाते आणखी उघडे राहते आणि दुखणे वाढते. एका रोग्याने स्वतःवर शोधून काढलेले औषध नेमक्या विरुद्ध रोगाच्या लाखो लोकांनी श्रद्धेने घेतले. होगनने खोटे काही लिहिले नव्हते. आपल्याला जे गुणकारी पडले ते त्याने पाया म्हणून मांडले. वस्ताद समोर असता तर त्याने शिष्याचे दोन फटके पाहून सांगितले असते, तुला हे नको. पुस्तक वाचणाऱ्याचे फटके पाहू शकत नाही.

विज्ञानाने हा गुंता सोडवला का? काही अंशी. १९६८ मध्ये कॉक्रन आणि स्टॉब्ज यांनी ब्रिटनमधल्या संशोधकांच्या कामावर आधारलेले पुस्तक काढले. वर सांगितलेल्या गोफणीचा हिशेब तिथे दुहेरी लंबकाच्या रूपात मांडलेला आहे. चेंडू कुठल्या दिशेने निघतो हे क्लबच्या मार्गापेक्षा पात्याच्या तोंडावर अधिक अवलंबून असते, हेही त्यात होते. तरीही पुढची कित्येक वर्षे शिकवणी वर्गांत उलटे सांगितले जात राहिले, की चेंडू मार्गाच्या दिशेने निघतो आणि पाते त्याला वळवते. एकविसाव्या शतकात चेंडूचा मागोवा घेणारी रडार यंत्रे सरावाच्या मैदानांवर आली, तेव्हा कुठे हा नियम पाठ्यपुस्तकांतून हटला. टेट यांच्या फिरकीसारखेच झाले. हात बरोबर करत होते.

भारतात गोल्फ स्कॉटलंडइतका जुना नसला तरी ब्रिटनबाहेरचा आज चालू असलेला सर्वांत जुना क्लब इथलाच आहे. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा, मुंबईचा १८४२ चा. पिढ्यान्‌पिढ्या इथले क्लब गोऱ्यांचे होते. हिंदी लोकांनाही प्रवेश असावा म्हणून विलिंग्डन क्लब १९१८ मध्ये निघाला, चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ मध्ये. सदस्य कोणीही असोत, पिशवी वाहणारी मुले मात्र पहिल्या दिवसापासून इथलीच होती. त्यांच्या हाती ना फार्नी पडला ना होगन. ती साहेबाचा फटका मागून, बाजूने, दिवसाला शेकडो वेळा पाहत होती. चांगले-वाईट दोन्ही. कोणत्या हालचालीनंतर चेंडू झाडीत शोधायला जावे लागते हे त्यांच्या पायांना ठाऊक होते. चुकांचे एवढे बारकाईने केलेले निरीक्षण कुठल्या पुस्तकात सापडेल?

१९६४ मध्ये सुरू झालेली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर, १९९१ मध्ये. तो दिल्ली गोल्फ क्लबचा एकेकाळचा कॅडी. त्याआधी १९६५ मध्ये पी. जी. सेठी जिंकले होते, पण ते हौशी. कोलकात्याच्या क्लबवर हिरवळ राखणाऱ्या माळ्याचा मुलगा एस. एस. पी. चौरासिया तिथेच पाहून पाहून शिकला आणि २००८ मध्ये युरोपियन टूरवरची इंडियन मास्टर्स जिंकला. पुढे २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे इंडियन ओपनही. जर्सीच्या माळ्याच्या मुलाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

चेंबूरच्या क्लबलगतच्या वस्तीत कॅडी मुले गल्लीत गोल्फ खेळतात, हे वर्तमानपत्रांतून येऊन गेले आहे. लोखंडी सळई टोकाला वाकवली की क्लब झाला. चेंडू प्लास्टिकचा. दोन्ही बाजूंना घरे, वर पत्रे, मध्ये गटार. पूर्ण बॅकस्विंग घ्यायला जागाच नाही, त्यामुळे हात कमरेच्या वर फारसे जात नाहीत. सळईला ना लवचीकपणा ना धड पाते, म्हणून चेंडू मधोमध लागला तरच तो सरळ जातो, नाहीतर कोणाच्या तरी दारात. पोरे आधी हळू मारतात, मग अंतर वाढवतात. मोठा कॅडी लहानाच्या मागे उभा राहतो, त्याच्या पंजांवर आपले पंजे ठेवून दोन-तीन वेळा सळई पुढे-मागे झुलवतो आणि बाजूला होतो.